माळ्यावरच्या भोपळ्यात बिया उगवल्या, त्याचं झालेलं प्रकरण

एप्रिलचा शेवटचा रविवार. नणंद पोरांना घेऊन जेवायला येणार होती आणि भाच्याला घारगे आवडतात, म्हणून दिवाळीपासून स्वयंपाकघराच्या माळ्यावर पडलेला लाल भोपळा खाली काढला. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची असते, बाईने नाही (सासूबाईंचा नियम, का ते विचारायचं नाही), त्यामुळे नवऱ्याला टीव्हीसमोरून उठवला, त्याने सुरी रोवली, वरून बत्त्याने दोन ठोके दिले आणि भोपळा कर्रकन उकलला. मग दोन मिनिटं कोणी बोललंच नाही.

आत मधल्या पोकळीत पांढऱ्या शेवया गच्च भरल्यासारखं काहीतरी होतं. वेटोळी वेटोळी, ओलसर, काहींच्या टोकाला पिवळट चपटं काहीतरी. मी आधी हातच काढून घेतला. मग फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, ही चूक, कारण अर्ध्या तासात किडे, अळ्या, इंजेक्शन दिलेला माल, फेकून दे, घरात ठेवू नको अपशकुन असतो, इथपर्यंत सगळं येऊन गेलं. इंजेक्शनचं वाचून हसू आलं, कारण हा भोपळा माझ्या सख्ख्या भावाच्या गोठ्याच्या छपरावरचा, गुहागरकडचा, त्या वेलाला शेणखताशिवाय काही माहीत नाही.

निदान केलं ते सासूबाईंनी. चष्मा लावून आल्या, एक शेवई चिमटीत धरून ओढली, तिच्या टोकाला बीच निघालं. म्हणाल्या, "अगं हे मोड आलेत. उपट्या भुईमुगाला नाही का येत जमिनीतच, काढायला उशीर झाला आणि पाऊस लागला की, तसे." (उपट्या म्हणजे जमिनीवर न पसरता झुडपासारखा उभा वाढणारा.) त्यांचं माहेर कराडकडचं, भुईमुगाचा पट्टा. माझं बीएस्सीला बॉटनी होतं, पंचवीस वर्षांपूर्वी का होईना, पण मला अळ्याच दिसल्या आणि त्यांना मोड दिसले, हे लिहून ठेवते.

आता मुळापासून सांगते, कारण नंतर जे कळलं ते सगळं हा भोपळा कुठून आला, कुठे राहिला यातच होतं.

दादाकडे पावसाच्या तोंडावर परसात आळं करून भोपळ्याच्या बिया टोचतात, वेल गोठ्यावर चढतो, दसऱ्याच्या पुढेमागे देठ वाळला आणि साल नखाने टोचत नाहीशी झाली की फळं उतरवतात. दादा थोडे बाजारात देतो म्हणून प्रत्येक फळ तोलून सालीवरच मार्करने वजन लिहायची त्याला सवय आहे. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा एकाच वेलाचे तीन भोपळे गाडीत घालून चिंचवडला आणले, ४.३ किलो, ३.१ किलो आणि ३.८ किलो. सगळ्यात मोठा माळ्यावर गेला कारण ओट्याखाली जागा नव्हती, सगळ्यात छोटा ट्रॉलीत, आणि तिसरा बेडरूममधल्या दिवाणाखाली फरशीवर, जुन्या पोत्यावर, तिथे कांदे असतात. यात काही विचार नव्हता, जिथे जागा तिथे सामान. छोटा डिसेंबरातच संपला, थोडा भरताला, थोडा सांबारात, त्याच्या बिया छान भरलेल्या होत्या आणि एकीलाही काही झालेलं नव्हतं. बाकी दोन विसरले. माझी आई नेहमी सांगते भोपळा होळीच्या आत संपव, मी ते उन्हाळ्यात घरात फळ नको अशा अर्थाने घ्यायचे.

एक आडवं सांगते, लोकांचा नावात गोंधळ होतो. पुण्यात लाल भोपळा, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, सासूबाई त्याला डांगर म्हणतात, आणि माझ्या माहेरी डांगर म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी डांगर कर म्हणून सांगितलं आणि मी पीठ कालवत बसले होते. असो. आपल्याकडे जो चपटा, फाकाफाका असलेला, पिकून बदामी-पिवळट सालीचा भोपळा मिळतो तो बहुतेक वेळा कुकुरबिटा मोश्चाटा या जातीचा असतो, देठ कडक, पाच कोनी, आणि फळाला चिकटतो तिथे पसरट. मूळचा अमेरिका खंडातला, मिरची-बटाट्यासारखाच बाहेरून आलेला. टिकायला पक्का. म्हणून तर कोकणात भोपळा आणि तवशी (मोठी काकडी) आढ्याला टांगून नाहीतर माळ्यावर ठेवून महिनेन् महिने खातात.

तर माळ्यावरचा भोपळा. नणंद यायला अजून दोन तास होते. घारगे जरा बाजूला ठेवले आणि तो नीट बघायला बसले. बाहेरून एकही डाग नाही, देठाशी मऊ नाही, बुडाशी मऊ नाही, टोचल्याची खूण नाही. हे महत्त्वाचं, कारण फळमाशीची अळी असती तर साल जिथे टोचली तिथे बारीक काळा ठिपका आणि खाली पाणचट मऊ गर मिळतो, शिवाय अळी हलते, हे हलत नव्हतं. वास चांगला, म्हणजे कच्च्या भोपळ्याचा थोडा काकडीसारखा असतो तसाच, आंबूस नाही. गराला बोटाने दाबलं, घट्ट. वजन ३.६ किलो भरलं, म्हणजे सहा महिन्यांत सातशे ग्रॅम पाणी उडून गेलं, सोळा टक्के.

आतली गंमत मात्र भिंगातून बघण्यासारखी होती. प्रत्येक मोडाचं बुडखं बीच्या टोकातून बाहेर आलेलं, त्याला मूळ, मुळावर पांढरी बारीक लव, आणि जिथे मूळ संपून दांडा सुरू होतो तिथे एका बाजूला छोटी खुंटी. ही खुंटी भोपळा-काकडी कुळाचीच खासियत, ती बीच्या टरफलाच्या खालच्या अर्ध्यावर पाय रोवते आणि वरचा दांडा ताणला की टरफल सुटून पडतं, आपण जसा एका पायाने दुसऱ्या पायातला बूट काढतो तसं. काहींची टरफलं सुटली होती, काहींच्या डोक्यावर टोपीसारखी तशीच होती. डाळिंब्या, म्हणजे बीदलं, फिक्या पिवळ्या, कारण आत उजेड नाही आणि उजेडाशिवाय हरितद्रव्य होत नाही. सगळ्यात लांब मोड अकरा सेंटिमीटर.

अजून एक. सगळी मुळं एकाच दिशेला निघालेली होती. अर्ध्या भोपळ्यात ती बुडाकडे नाही, देठाकडे नाही, तर एका बाजूच्या भिंतीकडे धावत होती आणि तिथे गरात घुसून बसली होती, काही तर दीड-दोन सेंटिमीटर आत. आधी कळेना. मग आठवलं की भोपळा माळ्यावर नीट बसत नव्हता म्हणून आडवा घातला होता, इडलीपात्राला टेकवून. म्हणजे ती भिंत खालची बाजू होती. आत काळोख गुडुप, पण खाली कुठे आणि वर कुठे हे मोडाला बरोब्बर कळलेलं, मुळं खाली, दांडे वर, आणि वर गराच्या भिंतीशी डोकं आपटलं की वळून वेटोळं. त्या शेवया वेटोळ्या का होत्या त्याचं हे उत्तर.

बिया मोजल्या. (नवरा म्हणाला तू खरंच मोजणार? हो.) एकूण २७४. त्यातल्या ३१ पोचट. ५८ उगवलेल्या, म्हणजे मूळ बाहेर आलेल्या. २२ ची टोकं नुसती उकललेली. १६३ गप्प, बंद. म्हणजे सगळ्या बिया काही उठल्या नव्हत्या, आणि उगवलेल्या बहुतेक वरच्या अर्ध्यातल्या, जिथे मधली दोऱ्यांची जाळी वाळून गराच्या भिंतीपासून सुटली होती आणि हवा खेळायला जागा झाली होती. ओल्या जाळीत रुतून बसलेल्यांतल्या थोड्याच उगवल्या होत्या.

आता दिवाणाखालचा भोपळा आठवला. तोही त्याच वेलाचा, त्याच दिवसापासून घरात. त्याच दिवशी कापायचा मोह झाला पण सात किलो भोपळ्याचं करायचं काय, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत थांबले आणि तेवढ्यात घरातला थर्मामीटर दोन्हीकडे आळीपाळीने ठेवून बघितला. दुपारी तीनला माळ्यावर ३७ ते ३८, दिवाणाखाली ३१. माळ्यावर स्लॅबची उष्णता वरून आणि गॅसची खालून, संध्याकाळी पोळ्या चालू असल्या की अजून वाढायचं. म्हणजे फळ थंड कोरड्या जागी ठेवलंय असं समजून मी घरातल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात ठेवलं होतं. गावाकडे माळा म्हणजे कौलाखालचा, फटीफटीतून वारा येणारा, तो वेगळा, फ्लॅटमधला लॉफ्ट म्हणजे पेटी. नाव एकच म्हणून आपण तीच सवय इकडे आणतो.

पुढच्या रविवारी दिवाणाखालचा कापला. ३.८ चा ३.४ झाला होता, साडेदहा टक्क्यांच्या आसपास. आत २४१ बिया, पैकी तीन बियांची टोकं किंचित उकललेली, मोड एकही नाही. जाळी ओलसर, भिंतीला चिकटलेली.

आता लगेच उष्णतेनेच झालं म्हणून टाकायचं का? मला तसं वाटतं, पण दोन भोपळ्यांवरून शपथ घेता येत नाही. दादाला फोन केला तर तो म्हणाला मोठा भोपळा वेलावरचा पहिला, बुडाजवळचा, बाकीच्यांच्या बऱ्याच आधी धरलेला, पण उतरवले सगळे एकदमच. म्हणजे माळ्यावरचा वयानेही मोठा होता, त्याच्या बिया वेलावरच पूर्ण तयार होऊन बसल्या होत्या. उष्णता आणि वय दोन्ही एकाच बाजूला पडले, वेगळे करता येत नाहीत. कुणीतरी वेलाला पोटॅश (पालाश, खतातलं एक द्रव्य) कमी पडलं की असं होतं असंही सांगितलं, पण दोन्ही फळं एकाच वेलाची, एकाच आळ्याची, तर एकात मोड आणि दुसऱ्यात नाही हे पोटॅशवर ढकलता येत नाही.

मला खरा प्रश्न पडला तो उलटा. बी तयार आहे, ओल आहे, ऊब आहे, भोपळ्याच्या बीला २५ ते ३५ डिग्री म्हणजे अगदी मनासारखं हवामान, मग सगळे भोपळे आतून उगवत कसे नाहीत? दर दिवाळीला हिरवं रान निघायला हवं होतं.

यासाठी एक घरगुती उद्योग केला. दिवाणाखालच्या भोपळ्याच्या, म्हणजे न उगवलेल्याच्या, वीस बिया घेऊन चोळून चोळून तीन पाण्यांनी धुतल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या, मटकीला ठेवतो तशा. दुसऱ्या वीस बिया त्यांच्याच जाळीसकट, गरासकट, न धुता दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे शेजारी शेजारी ओट्यावर. सहाव्या दिवशी धुतलेल्यांपैकी १६ ना मोड, गरातल्या वीसपैकी फक्त ४, आणि मग गरवाल्या डब्याला बुरशी लागली म्हणून टाकला. माळ्यावरच्या भोपळ्यातल्या ज्या १६३ गप्प होत्या त्यातल्या वीस पण धुऊन ठेवल्या होत्या, त्या तर चौथ्याच दिवशी १७ उठल्या.

म्हणजे बी झोपलेलं नव्हतं. त्याला फळ दाबून धरत होतं.

पुस्तकातलं त्याचं कारण असं. बी तयार होताना त्यात आणि भोवतीच्या गरात अब्सिसिक आम्ल नावाचं एक संप्रेरक असतं, त्याचं काम ब्रेकचं, आता उगवू नको. दुसरीकडे जिबरेलिन, ते ॲक्सिलरेटर. त्यात भर म्हणजे गरात साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे बीला पाणी सहज ओढता येत नाही, लोणच्याच्या खारात मोड येत नाहीत तसंच थोडं सौम्य प्रमाणात, आणि घट्ट ओल्या जाळीत हवाही कमी. फळ तोडलं तरी ते मेलेलं नसतं, श्वास घेतच असतं, साठवलेली साखर-पिष्ट जाळत असतं, जितकी ऊब जास्त तितकं भरभर. महिने गेले की ब्रेक झिजतो, गोडी उतरते, जाळी सुटून हवा शिरते, आणि बीच्या दृष्टीने पावसाळा सुरू झाला. मग काय, उठतं. धुतलं की पण उठतं, कारण ब्रेक पाण्याबरोबर वाहून गेला.

मक्याच्या जनुकात बिघाड झालेल्या काही वाणांमध्ये हा ब्रेकच तयार होत नाही नाहीतर दाण्याला जाणवत नाही, आणि दाणे कणसावर असतानाच उगवतात, त्यावरूनच शास्त्रज्ञांना हे बरंचसं कळलं. त्यातल्या काही वाणांचे दाणे पांढुरके पडतात, कारण हे आम्ल ज्या रंगद्रव्यापासून बनतं त्याच कुळातली द्रव्यं मक्याला पिवळा आणि भोपळ्याला केशरी रंग देतात. हे मला फार आवडलं. भोपळ्याचा केशरीपणा आणि बीचा ब्रेक एकाच घरातले.

या प्रकाराला इंग्रजीतून व्हिव्हिपरी म्हणतात, मराठीत जरायुजता असा जड शब्द आहे, म्हणजे पिल्लू आईच्या अंगावरच वाढणं. टोमॅटोत, पपईत, लिंबात कधीकधी दिसतं. सासूबाई म्हणाल्या तो भुईमूग म्हणजे शेतातला त्याचा भाऊ, उपट्या वाणांना सुप्तावस्था जवळजवळ नसते म्हणून काढणीला पाऊस आला की शेंगेतच कोंब, पसऱ्या भुईमूग मात्र महिना-दोन महिने झोपून राहतो. ज्वारीच्या कणसाचं, मुगाच्या शेंगेचं तेच. तिथे ते नुकसान. आणि माझ्या माहेरी दाभोळच्या खाडीला कांदळाचं झाड आहे त्याचा हा अपघात नाही, रीतच आहे, बी झाडावरच उगवतं, हिरव्या काठीसारखं लांब लोंबतं आणि तयार झालं की चिखलात उभं रुततं. लहानपणी आम्ही त्या काठ्यांनी तलवारी खेळायचो, त्या शेंगा नाहीत तर रोपं आहेत हे कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं. खाडीत बी सुटं पडलं तर भरती नेईल, खारं पाणी मारेल, म्हणून आई त्याला मोठं करूनच सोडते. भोपळ्याला असली काही गरज नाही. त्याच्या आत उगवलेलं रोप साल फोडून बाहेर येऊ शकत नाही, फळ सडलं तरच सुटेल.

घारग्यांकडे येते, कारण नणंद तोवर आली होती आणि तिचं पहिलं वाक्य ते फेकलं का हे होतं.

खायचं की नाही हे मी मोडांवरून ठरवलं नाही, गरावरून ठरवलं. घट्ट आहे, वास चांगला आहे, बुरशी नाही, पाणी सुटलेलं नाही, तर मोड असले तरी गर खायला हरकत नसते. एक चाचणी मात्र सोडायची नाही. भोपळा, दुधी, काकडी, दोडका या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, कधी एखाद्या फळात फार वाढतात, आणि शिजवून ती जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने लोकांना गंभीर विषबाधा झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती बसवली होती, इतका तो विषय खरा आहे. म्हणून कच्च्या गराचा वाटाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघितला. कडू नाही. कडू असता तर अख्खा भोपळा कचऱ्यात, गूळ घालून गोड करू असला हिशोब तिथे चालत नाही.

मोडांचं म्हणाल तर नवऱ्याला हॉटेलात सॅलडवर टाकतात ते मायक्रोग्रीन आठवले आणि त्याने एक मोड तोंडात टाकला, आणि लगेच सिंकवर जाऊन थुंकला. कडवट. कोवळ्या रोपात हे द्रव्य असू शकतं, रोपाचं ते संरक्षण असतं, म्हणून मोड, बिया आणि जाळी सगळं खरवडून काढलं, मुळं जिथे घुसली होती तिथला गर बोटभर जाडीने कापून टाकला, आणि उरलेला किसला.

घारगे झाले. पण खरं सांगायचं तर चव उतरली होती. किसाला पाणी कमी, दोरे जास्त, शिजवल्यावर डिसेंबरातल्यासारखा गोड सुवास नाही, गूळ नेहमीपेक्षा मूठभर जास्त लागला. भाच्याने आठ खाल्ले, त्याला काही फरक कळला नाही. मला कळला. पुढच्या रविवारी दिवाणाखालच्याचे केले तेव्हा सासूबाईंना पण कळला, म्हणाल्या हे गोड आहेत. म्हणजे आईचं होळीचं सांगणं विषाबिषाचं नव्हतं, चवीचं होतं, आणि बहुतेक बियाणाचंही.

बियाणाचं असं की दादा दर वर्षी चांगल्या भोपळ्याच्या बिया काढून राखेत घोळून वाळवून ठेवतो. फळ उतरवल्यावर लगेच काढत नाही, तीन-चार आठवडे ठेवून मग काढतो, आणि ते बरोबर आहे कारण तोडलेल्या फळातही बी भरत राहतं, जड होतं. पण त्याच्या पलीकडे फार लांबवलं तर माझ्यासारखं होतं. एकदा मूळ बाहेर आलं की ते बी परत वाळवून ठेवता येत नाही, वाळलं की मेलं. म्हणजे या भोपळ्यातल्या ५८ बियाणं म्हणून गेल्या, २२ पण गेल्यासारख्याच. बियाणं धरायचं असेल तर भोपळा नाताळच्या आत फोडायचा, हे मी आता दादाला सांगायला गेले तर तो म्हणाला आम्ही कधी ठेवतो मेपर्यंत, तुम्ही पुण्याचे विसरता.

ठेवायला आदर्श म्हणजे १० ते १५ डिग्री आणि बेताची कोरडी हवा, ते आपल्या घरात नाही. फ्रिजमध्ये अख्खा भोपळा ठेवणं उपाय नाही, दहाच्या खाली त्याला थंडी बाधते, सालीला खड्डे पडतात, मग बाहेर काढल्यावर पटकन सडतो. कापलेली फोड फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस, ते ठीक. अख्ख्याला फरशी बरी, खाली पोतं, देठ शाबूत, एकमेकांना न टेकता, आणि गॅस, फ्रिजची मागची बाजू, माळा यांच्यापासून लांब. अगदीच जास्त झाले तर मार्चमध्येच कापून वाफवून लगदा करून डीप फ्रीजरमध्ये टाकावेत, घारग्यांना तो लगदा चालतो, भाजीला नाही.

आता राहिले मोड. फेकवत नव्हते. त्यातले अकरा लावायला निवडले, दोन काढताना मोडले, नऊ नीट निघाले, ते गॅलरीतल्या कुंड्यांत लावले, बाकी सगळे खताच्या बादलीत. पहिल्या दिवशी सावलीत ठेवले, तरी पाच माना टाकून गेले, मुळं गरातून ओढताना लव तुटलेली असणार आणि दांडे काळोखात वाढलेले, मऊ, लांबुडके, त्यांना उभं राहायची सवयच नाही. उरलेल्या चारांची पिवळी दलं दीड दिवसात हिरवी झाली, हे मात्र बघण्यासारखं होतं, सकाळी पोपटी, संध्याकाळी अजून गडद, कडेपासून आत. आठवड्याने पहिलं खरखरीत पान आलं. जूनमध्ये गावी गेलो तेव्हा चारही कुंड्या गाडीत पायाशी घेऊन गेले, दादा बघून हसला, पण लावले त्याने गोठ्याच्या मागे. दोन गोगलगायींनी खाल्ले. दोन छपरावर चढले.

फळ आईसारखंच येईल याची खात्री नाही, भोपळ्याला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, मधमाशी शेजारच्या कुठल्या वेलावरून पराग घेऊन आली असेल ते बी लावल्याशिवाय कळत नाही. गणपतीला गेलो तेव्हा एका वेलावर दोन फळं धरलेली होती, नारळाएवढी, हिरवी, आईपेक्षा जरा लांबट. दादाने त्यांच्याखाली पेंढा घातलाय. वजन सालीवर लिहिशीलच, या वेळी उतरवल्याची तारीख पण लिही म्हणून सांगून आले.